आधी ऐकणाऱ्याला विचारा : पुणे जिल्ह्यातली तीन ठिकाणं आणि संदेशवहनाची मूलतत्त्वं

इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशनचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या धड्यात तीच आकृती असते. माहितीचा स्रोत, ट्रान्समीटर, चॅनेल, रिसीव्हर, आणि शेवटी ज्याला माहिती हवी आहे तो. चॅनेलच्या चौकोनात वरून एक बाण येतो, त्यावर लिहिलेलं असतं 'नॉइज'. ही आकृती आपण डिप्लोमाला काढतो, इंजिनिअरिंगला काढतो, गेट आणि पेटच्या तयारीत पुन्हा काढतो. पण संशोधनाच्या मुलाखतीत "तुमचा प्रॉब्लेम या आकृतीत नेमका कुठे आहे?" असं विचारलं की बरेच जण अडखळतात.

कारण आपण ती आकृती डावीकडून उजवीकडे वाचायला शिकलेलो असतो. आधी संदेश, मग मॉड्युलेशन, मग अँटेना, आणि रिसीव्हर सगळ्यात शेवटी. सिस्टीम बनवणारा माणूस मात्र ती उजवीकडून वाचतो. तो आधी विचारतो, ऐकणाऱ्याच्या कानावर हव्या त्या सिग्नलसोबत नको ते काय काय पडतंय आणि ते कुठून येतंय? याचं उत्तर मिळालं की बाकीचे चौकोन बऱ्यापैकी आपोआप ठरतात.

हे समजायला लांब जायची गरज नाही. मी सणसवाडीत राहतो. इथून सरळ रेषेत साठेक किलोमीटरच्या आत दौंड आहे, आणि उत्तरेला जुन्नर तालुक्यात आर्वी आणि खोडद आहेत. या तिन्ही ठिकाणी लांबून येणारा क्षीण सिग्नल ऐकायची यंत्रणा उभी राहिली, आणि तिन्ही ठिकाणी शत्रू वेगळा होता. त्या तिघांच्या मदतीने आज मूलतत्त्वं बघू.

आधी थोडी उजळणी

प्रेस मशीन चालू असलेल्या शेडमध्ये कुणाचा फोन आला तर माणूस काय करतो? समोरच्याला म्हणतो, "जरा मोठ्याने बोल." एक कान बोटाने बंद करतो. शेडच्या बाहेर येतो. "हळू सांग, एकेक आकडा सांग" म्हणतो. "प, पुण्यातला प" असं करून घेतो. संदेशवहनातले जवळपास सगळे उपाय यात आले. मोठ्याने बोलणं म्हणजे पॉवर वाढवणं. कान बंद करणं म्हणजे फिल्टर आणि दिशा धरणारी अँटेना. बाहेर येणं म्हणजे रिसीव्हरची जागा बदलणं. हळू बोलणं म्हणजे वेग कमी करणं, आणि 'पुण्यातला प' म्हणजे कोडिंग, चूक पकडता यावी म्हणून जास्तीची माहिती जोडणं.

मॉड्युलेशन कशासाठी, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. साधं उत्तर असं : ३ किलोहर्ट्झच्या आवाजाची रेडिओ तरंगलांबी १०० किलोमीटर होते. पाव तरंगलांबीची अँटेना धरली तरी २५ किलोमीटर, म्हणजे सणसवाडीपासून जवळपास येरवड्यापर्यंत. म्हणून आवाज उच्च वारंवारतेच्या वाहक लहरीवर बसवायचा. दुसरं कारणही तितकंच महत्त्वाचं आहे. सगळ्यांनी आपापला आवाज थेट हवेत सोडला तर सगळे एकाच पट्ट्यात एकमेकांवर आदळतील. वेगवेगळे वाहक वापरले की ऐकणाऱ्याला निवड करता येते.

आता मर्यादा. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिलं की बँडविड्थ आणि एसएनआर, म्हणजे सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर, हे ठरलं की चॅनेलमधून बिनचूक जाऊ शकणाऱ्या माहितीचा कमाल वेग ठरतो. सूत्र शब्दांत असं : वेग बरोबर बँडविड्थ गुणिले (एक अधिक एसएनआर) चा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम. टेलिफोन लाइनची बँडविड्थ ३१०० हर्ट्झ आणि एसएनआर १००० धरा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३१ हजार बिट. आता पॉवर दुप्पट करा. वेग होतो सुमारे ३४ हजार. त्याऐवजी पॉवर तीच ठेवून बँडविड्थ दुप्पट करा. नॉइजही दुप्पट आत येईल, एसएनआर ५०० वर उतरेल, तरी वेग होतो ५५ हजारांच्या वर. एसएनआर चांगला असताना ओरडून फारसं हाती लागत नाही, जागा मिळाली तर लागतं. स्पेक्ट्रमच्या लिलावात कंपन्या एवढे पैसे का ओततात, त्याचं गणित या दोन ओळींत आहे.

दौंड, १९२७ : आपलाच आवाज आणि आभाळातली वीज

१९२७ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात बीम वायरलेसची तारसेवा सुरू झाली. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीची ही सेवा मार्कोनी कंपनीच्या बीम पद्धतीवर चालायची. पाठवायचं केंद्र होतं खडकीला आणि ऐकायचं केंद्र दौंडला. दोन्हींत अंतर ७५ किलोमीटरच्या आसपास. तिकडे इंग्लंडमध्येही तीच रचना होती : ग्रिम्सबीजवळून पाठवायचं, स्केगनेसजवळ ऐकायचं.

एकाच आवारात दोन्ही का नाही ठेवलं? हजारो किलोमीटरवरून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो. शेजारीच आपला स्वतःचा ट्रान्समीटर किलोवॅटमध्ये ओरडत असेल तर रिसीव्हर बहिरा होतो. वारंवारता थोडी वेगळी असली तरी त्या काळच्या फिल्टरला एवढा मोठा फरक पेलणं कठीण होतं. म्हणून साधा, रांगडा उपाय : तोंड खडकीला, कान दौंडला.

दुसरा शत्रू आभाळात होता. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरावरून परावर्तित होत लांब जातात. दिवसा आणि रात्री हा थर बदलतो, म्हणून साधारणपणे दिवसा आखूड आणि रात्री त्याहून लांब तरंगलांबी वापरावी लागते. पण ज्या थरावरून सिग्नल येतो, त्याच थरावरून लांबच्या विजांची खरखरही येते. वळवाच्या दिवसांत जुन्या रेडिओवर ऐकू येणारी कडकड आठवा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नॉइज बाहेरून, अँटेनातूनच येत असेल तर जास्त संवेदनशील रिसीव्हर बसवून काहीही फायदा नाही. सिग्नल वाढेल तेवढीच खरखरही वाढेल. उपाय एकच, फक्त हव्या त्या दिशेने ऐकायचं. बीम पद्धतीत उंच मनोऱ्यांवर तारांचा पडदा टांगलेला असायचा. पाठवताना तो ऊर्जा एका दिशेत गोळा करायचा, आणि ऐकताना बाकीच्या दिशांची खरखर गाळायचा. 'बीम' या नावातच तो उपाय आहे.

आर्वी, १९७१ : शत्रू रिसीव्हरच्या आत

१९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला भारताचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. सुमारे ३० मीटर व्यासाची डिश हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे रोखलेली होती. लघुलहरींवर अवलंबून असलेली परदेशी टेलिफोन सेवा इथून उपग्रहावर जाऊ लागली.

उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर. ४ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात सिग्नल सुमारे १९६ डेसिबलने घटतो. एकावर १९ शून्यं लिहा, तेवढ्या पटीहून जास्त. ३० मीटरची डिश यातले ६० डेसिबल, म्हणजे साधारण दहा लाख पट, परत मिळवून देते. पण तिची नजर एक पंचमांश अंशाहूनही अरुंद होते, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून कमी. उपग्रह आकाशात जरासा सरकला तर डिशलाही मागोमाग सरकावं लागतं.

इथे नॉइजची जागा बदलली. ४ गिगाहर्ट्झला, वर पाहणाऱ्या डिशला आकाश बऱ्यापैकी शांत दिसतं, काही दहा केल्विन. विजेची खरखर इथे पोचत नाही. म्हणजे आता गोंगाट करतो तो रिसीव्हर स्वतः. कुठल्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलत असतात आणि त्यातून व्होल्टेज तयार होतं. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी हे १९२८ मध्ये, म्हणजे दौंडचं केंद्र सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, मोजून आणि सिद्धांत मांडून दाखवलं. साध्या खोलीच्या तापमानाला हा नॉइज दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम असतो. हा आकडा पाठ करा, आयुष्यभर लागतो.

साखळीतला पहिला अॅम्प्लिफायर जो नॉइज मिसळतो तो पुढचा प्रत्येक टप्पा इमानेइतबारे वाढवत नेतो. दुसऱ्या, तिसऱ्या टप्प्याच्या नॉइजला मात्र पहिल्याच्या गेनने भागलं जातं. हॅराल्ड फ्रीस यांचं १९४४ चं सूत्र हेच सांगतं. म्हणून अशा केंद्रांत सगळा जीव पहिल्या अॅम्प्लिफायरमध्ये ओतलेला असायचा. तो अँटेनाच्या तोंडाशीच बसवायचा आणि अतिथंड ठेवायचा. दौंडला असा अॅम्प्लिफायर बसवणं म्हणजे पैसे वाया. आर्वीला तो नसेल तर केंद्रच निरुपयोगी. आकृती दोन्हीकडे तीच, उत्तर उलटं, आणि फरक फक्त बाण कुठे शिरतो याचा.

खडकी-दौंडचा पहिला प्रश्न, आपलाच ट्रान्समीटर आपल्याला बहिरा करतो, तो आर्वीलाही होताच. पण तिथे वर पाठवायला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि खाली ऐकायला ४ चा. एकाच डिशमधून दोन्ही कामं. ७५ किलोमीटरचं काम २ गिगाहर्ट्झच्या अंतराने केलं. आज तुमच्या हातातल्या ५जी फोनमध्ये, ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यात, हेच वेळेने केलं जातं. फोन एक क्षण बोलतो, एक क्षण ऐकतो, सगळं मिलीसेकंदांत. आधी जागा, मग वारंवारता, मग वेळ.

आता यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो बघा. एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर बोलता आणि ऐकता येईल का? फोन २३ डीबीएमने बोलतो आणि उणे ९० डीबीएमचं ऐकतो असं धरा. फरक ११३ डेसिबल, म्हणजे सुमारे २० हजार कोटी पट. आपण काय बोललो ते आपल्याला माहीत असतं, मग ते वजा करता आलं पाहिजे. पण एवढ्या अचूकतेने? 'इन-बँड फुल डुप्लेक्स' या नावाखाली गेली दहा-पंधरा वर्षं जगभर यावर काम चाललंय. मूळ प्रश्न खडकी आणि दौंडच्या मधल्या ७५ किलोमीटरचाच.

खोडद : सिग्नलच जेव्हा नॉइजसारखा असतो

तिसरं ठिकाण खोडदची जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण पुण्यातल्या एनसीआरए-टीआयएफआर कडून चालवली जाते. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वायसारख्या तीन भुजांवर, सगळ्या मिळून २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात.

इथे ट्रान्समीटर आपल्या हातातच नाही. दीर्घिका "जरा मोठ्याने बोल" ऐकत नाही. शिवाय तिचा सिग्नल हाच मुळात नॉइज असतो, आणि तो दुर्बिणीच्या स्वतःच्या नॉइजच्या कितीतरी खाली दबलेला. मग उरतो एक उपाय, जास्त वेळ ऐकणं. सरासरी घेतली की अनियमित नॉइज एकमेकांना खातो. बँडविड्थ आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने चढउतार कमी होतात. सिस्टीमचं तापमान १०० केल्विन, बँडविड्थ १०० मेगाहर्ट्झ आणि एक तास निरीक्षण धरलं, तर वर्गमूळ सहा लाख येतं. म्हणजे केल्विनच्या सहा हजाराव्या भागाएवढा फरकही ओळखता येतो. वर ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात. दोन डिशचे सिग्नल एकमेकांशी पडताळले की दोघींत समान आहे ते उरतं, प्रत्येकीचा स्वतःचा नॉइज विरतो.

पण हे सगळं कधी चालतं? नॉइज अनियमित असेल तेव्हाच. मोबाइल टॉवर, वेल्डिंग, स्पार्क देणारी हायटेन्शन लाइन, इलेक्ट्रिक इंजिनाचा पेंटोग्राफ यांचा सिग्नल सरासरीत पूर्णपणे विरत नाही. कितीही तास ऐका, तो बसूनच राहतो. प्रमाण कळावं म्हणून एक हिशोब करून बघा. एक वॅटचा फोन चंद्रावर ठेवला आणि त्याची ऊर्जा २०० किलोहर्ट्झमध्ये पसरली, तर पृथ्वीवर तो सुमारे २७० जॅन्स्की एवढा प्रखर दिसेल. जीएमआरटीवर अभ्यासले जाणारे कितीतरी स्रोत एका जॅन्स्कीच्या हजाराव्या भागाएवढे असतात. म्हणजे चंद्रावरचा फोन त्यांच्या दोन लाख पटींहून जास्त प्रखर. आणि आपले फोन चंद्रावर नाहीत, खिशात आहेत.

"मग दुर्बिणीने दुसरी वारंवारता घ्यावी" हे सुचणं स्वाभाविक आहे. पण हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला उत्सर्जन करतो, ते आपण ठरवलेलं नाही. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबच्या दीर्घिकेची ही लहर ताणली जाते. दीड पट ताणली गेली तर ती येते ९४७ मेगाहर्ट्झला, बरोबर जिथे ९०० च्या पट्ट्यात टॉवरकडून फोनकडे सिग्नल येतो तिथे. त्या अंतरावरच्या हायड्रोजनला दुसरा पट्टाच नाही.

हा वाद कागदावरचा नाही. पुणे-नाशिक रेल्वेच्या जीएमआरटीजवळून जाणाऱ्या आखणीला शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला आणि रेल्वेला दुसऱ्या मार्गाचा विचार करावा लागला. जुन्नर, आंबेगाव, खेडमधल्या लोकांना ती रेल्वे हवी होती, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. दुर्बिणीचं म्हणणंही चुकीचं नाही. दोघांना एकत्र नांदवायचं तर कुणीतरी बसून हिशोब मांडायला हवा. स्रोत कोणता, तो किती डेसिबल सोडतो, मध्ये डोंगर आहे का, शिल्डिंगने किती घटेल, डेटामधून तो ओळखून काढता येईल का. यातली प्रत्येक ओळ एका प्रबंधाचा विषय होऊ शकते, आणि त्यासाठी लागणारी साधनं वरच्या चार परिच्छेदांतलीच आहेत.

आपल्या खिशातला चौथा नमुना

तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या अॅपमध्ये ४जी सिग्नलचा आकडा दिसतो, समजा उणे १०५ डीबीएम. हा वाईट आहे का? हा आकडा एका उपवाहकाचा असतो, म्हणजे १५ किलोहर्ट्झचा. तेवढ्या पट्ट्यातला उष्णतेचा नॉइज येतो उणे १३२. फोनच्या रिसीव्हरचे ७ डेसिबल धरा, उणे १२५. म्हणजे सिग्नल नॉइजच्या २० डेसिबल, शंभर पट वर. तरी संध्याकाळी शिफ्ट सुटली की नगर रोडला नेट रांगतं. का? कारण इथला शत्रू उष्णता नाही. शेजारच्या टॉवरचा त्याच वारंवारतेवरचा सिग्नल आणि एकाच टॉवरवर पडलेली गर्दी, हे इथले शत्रू आहेत. इथे पॉवर वाढवा, प्रत्येक टॉवर ओरडेल आणि गुणोत्तर तिथेच राहील. अतिथंड अॅम्प्लिफायर बसवा, काही होणार नाही. उपाय म्हणजे सेल लहान करणं, बीम अरुंद करणं, टॉवरनी आपापसात वेळ वाटून घेणं. गंमत म्हणजे बीम अरुंद करणं हे उत्तर दौंडचंच आहे.

तयारी करताना काय कराल

कुठलाही पेपर वाचायला घेतलात की वहीच्या समासात चार प्रश्नांची उत्तरं लिहा. एक, रिसीव्हरवर सगळ्यात मोठा नको असलेला घटक कोणता : बाहेरचा निसर्ग, रिसीव्हरची उष्णता, दुसऱ्याचा सिग्नल की आपलाच? दोन, तो सरासरीने विरतो की बसून राहतो? तीन, लेखकांनी त्याला कशाने वेगळं केलंय : जागा, दिशा, वारंवारता, वेळ की कोड? चार, त्याची किंमत कशात मोजली : पॉवर, बँडविड्थ, उशीर की गुंतागुंत?

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर पेपरमध्ये सापडलं नाही, किंवा लेखकांनी सोयीसाठी साधा गाउसियन नॉइज धरलाय पण प्रत्यक्षात तिथे शेजारचा टॉवर बसलाय असं दिसलं, तर तो पेपर बाजूला ठेवू नका. तिथेच तुमचा विषय असण्याची शक्यता बरीच आहे. सिनॉप्सिस लिहिताना पहिलं वाक्य मग अवघड जात नाही : "या परिस्थितीत रिसीव्हरला त्रास देणारा घटक अमुक आहे, आणि आजवरच्या पद्धती तो तमुक आहे असं धरून चालतात."

सरावासाठी एक गणित. १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला उष्णतेचा नॉइज किती? उत्तर उणे १०४ डीबीएम यायला हवं. आलं नाही तर उणे १७४ पासून पुन्हा सुरू करा, आणि बँडविड्थ हर्ट्झमध्ये घेतली होती ना, ते तपासा.